श्वास घेणारा पडदा

मल्लाप्पा मूळचे निपाणीचे. बेंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत बावीस वर्षं रबरी पडदे ओतताहेत. शिक्षण विचारलं की म्हणतात, "दहावी नापास, हात पास." पॉलियुरेथेनचे दोन द्रव मोजून कालवायचे, काचेवर पसरायचे, भट्टीत ठेवायचे. निघतो तो पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्याच्या दोन्ही अंगांना काजळीचा लेप द्यायचा आणि वीज सोडायची. दोन्ही लेप एकमेकांना ओढतात, मधला पडदा दबून पसरतो. वीज काढली की पुन्हा पहिल्यासारखा. मल्लाप्पा नव्या पोरांना सांगतात, "बघा, श्वास घेतोय."

यंदा दसऱ्यानंतर मात्र पडदे दगा देऊ लागले. पीएच.डी. करणाऱ्या पुण्याच्या भार्गवीनं या पडद्यापायी तीन वर्षं घातली होती. तो तीन हजार व्होल्ट सोसतो, हे तिला शुक्रवारी परीक्षकांना दाखवायचं होतं. आणि इथं हजारालाच चट् आवाज होऊन सुईएवढं भोक पडायचं. नऊ पडदे गेले.

"काका, माझी कृतीच चुकलीय. उद्या माझ्या गाइडना, सुधींद्र सरांना, सांगते, हा विषय सोडते."

"अगं, स्वल्प, जरा थांब की."

त्यांनी फुटका पडदा ट्यूबलाइटपुढं धरला. आत खसखशीहून बारीक बुडबुडे. आणि त्यांना आठवलं.

खंडेनवमीची आयुधपूजा! भट्टीला, तराजूला, पंपाला कुंकू लावायचं, विड्याच्या पानानं कलशातलं पाणी शिंपडायचं आणि शेवटी कोहळा फोडायचा, हा मान त्यांचाच. यंदा त्यांनी दोनपैकी एका द्रवाची मोठी बाटलीही पूजेत मांडली होती. देवापुढं नैवेद्य झाकून ठेवत नाहीत, म्हणून झाकण काढून! त्या द्रवात पाणी गेलं की कालवताना वायू सुटतो, बुडबुडे राहतात आणि वीज नेमकी तिथंच पडदा फोडते. झाकण उघडं टाकलं म्हणून पोरांना झापणारे तेच.

घरी घास गिळवेना. बायकोनं, महानंदानं, खोदून विचारलं तेव्हा बोलले.

"सांगितलं तर पूजाच बंद करतील गं."

"आणि नाही सांगितलं तर त्या लेकीची तीन वर्षं पाण्यात. अशी पूजा घेईल होय तुमचा बसवण्णा? पाणी त्यानं नाही टाकलं, तुम्ही टाकलंत."

सकाळी सर यायच्या आत त्यांनी भार्गवीला गाठलं. "तुझी कृती बरोबर आहे. चूक माझी." सगळं सांगितलं.

 ती डोळे पुसत हसली. "म्हणजे काका, माझे पडदे तीर्थ पिऊन फुगलेत?"

दिवसभर दोघांनी तो द्रव निर्वात भट्टीत तापवला. फेस पार थांबेपर्यंत मल्लाप्पा जागचे हलले नाहीत. मगच नवा पडदा ओतला.

शुक्रवारी हजार झाले, दोन हजार झाले. तीन हजारांना काजळीचं वर्तुळ अलगद पसरलं, वीज काढताच मिटलं. मल्लाप्पांचे हात आपसूक जुळले.

"आधी का फुटत होते?" सुधींद्र सरांनी विचारलं.

"द्रवात ओल होती, सर," भार्गवी घाईनं म्हणाली.

"ओल मी घातली," मल्लाप्पा म्हणाले, आणि पूजेचं सांगून टाकलं.

सरांनी मान हलवली. "सरी, ठीक आहे. पुढच्या वर्षी पूजा करा, पण बाटल्या कपाटात. आणि कोहळा फोडायचा तो बाहेर!"

मल्लाप्पांनी एक फुटका पडदा घरी आणला. महानंदानं तो देवघरात बसवण्णाच्या पायाशी ठेवला. "माझी चूक वेळेत दाखवलीस रे बाबा," म्हणत मल्लाप्पांनी डोकं टेकलं. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.