मागची मोठी, पुढची लहान

लातूरच्या तंत्रनिकेतनात मी गाड्यांची यंत्रं शिकवतो. कुठल्या चुकीनं काय तुटतं, हे मला तोंडपाठ आहे. घरी याचा काही उपयोग नाही, कारण घरी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा दादा आहे.

जळकोटजवळच्या आमच्या गावातून डांबरी सडकेला यायचं तर आधी दोन किलोमीटर काळी माती तुडवावी लागते. म्हणून दादानं जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली, चारी चाकांना ताकद देणारी. मागचे टायर गुळगुळीत झाले तेव्हा त्यानं तिथं चांगले चार बोटं उंच टायर बसवले. पुढचे होते तेच ठेवले. हॉटेलापुढं चहा पिताना दहा माणसांत कारणही सांगितलं.

"ट्रॅक्टर बगा. मागची मोठी, पुढची ल्हान. कंपनी येडी हाय का?"

सगळ्यांना पटलं. एकजण माझ्याकडं वळला. "मास्तर, बरोबर हाय न्हव?"

बरोबर नव्हतं. साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ताकदच नसते, आणि ज्याच्या चारी चाकांना असते त्याचे आतले गिअरही त्याच मापानं केलेले असतात. जीपचे नसतात. लहान चाकाला तेवढ्याच अंतराला जास्त फेरे लागतात, आणि फोर-बाय-फोर टाकलं की पुढची-मागची चाकं बांधल्यासारखी सारखेच फेरे घेतात. चिखलात चाक घसरून भागवून घेतं. डांबरावर घसरत नाही, मग आतल्या आत पीळ बसत जातो. हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवतो. हॉटेलापुढं मात्र म्हणालो, "हाव, दादाचा अनुभव हाय." आमच्याकडं थोरल्याचं बोलणं चारचौघांत खोडत नाहीत. एकांतात खोडायला हिंमत लागते, ती मी लातूरला विसरून आलो होतो.

त्या भाद्रपदात वहिनीची नांदेडला परीक्षा होती, अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी. तिच्या वयात बसणारी ही शेवटची. दोन वर्षं तिनं भाकरी थापता थापता पाठांतर केलं होतं. मी मुद्दाम रजा काढून धीर द्यायला गेलो. धीर देण्यात मी पटाईत आहे.

नऊला गेट बंद होणार होतं, आम्ही पाचलाच निघालो. चिखलातून जीप मजेत बाहेर आली. दादानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "बगितलं का, मास्तर?" डांबरी लागली तरी त्यानं फोर-बाय-फोर काढलं नाही. ताकद आहे तर असू दे, म्हणाला. थोड्याच वेळात स्टिअरिंग जड झालं, पुढची चाकं उड्या मारायला लागली.

"दादा, काढा की ते आता."

दादानं ओढून बघितला, पण फोर-बाय-फोरचा दांडा हलेना. गाडी थोडी मागं घेतली असती तर पीळ सुटला असता. तेवढं मी बोललो.

"खुळा हायस का? परीक्षेला निघालेलं माणूस मागं फिरवायचं व्हय!"

अपशकुनापुढं माझी पदवी चालत नाही.

कंधारच्या अलीकडं खालून मोठा आवाज झाला आणि जीप थांबली. दादानं बॉनेट उघडून, बिघाड जिथं नव्हता तिथं, बराच वेळ निरखून पाहिलं. वहिनी रस्त्यात उभी राहून येईल त्या गाडीला हात करत होती. तासभर कुणी थांबेना. शेवटी टमाट्याच्या टेम्पोवाल्यानं आम्हा दोघांना घेतलं. दादा जीपपाशी राहिला.

"काय तुटलं, साहेब?" टेम्पोवाल्यानं विचारलं. मी त्याला टायरपासून सगळं समजावलं, वर्गात सांगतो तितकं स्वच्छ. वहिनी मधे बसून ऐकत होती.

पोचलो तेव्हा गेट बंद होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. ती गजांना धरून शिपायाशी बोलत राहिली. माणूस चांगला होता. "ताई, माझ्या हातात न्हाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाला. मला लाज वाटली, तिच्याकडं बघवेना.

समोरच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली.

"भाऊजी, ह्यांना ठाऊक न्हवतं. तुम्हाला होतं."

"हाव."

"मंग?"

"चारचौघांत दादाला कसं बोलू, वहिनी?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ह्यांना कशाला बोलायचं? मला सांगायचं. मी आदल्या दिशी यष्टीनं आले असते. माझी भैन हितंच ऱ्हाती."