जोडघर

सोलापुरातल्या आमच्या संस्थेत आम्ही सगळे निवृत्त लोक. आमचं काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असं घरच्यांचं मत, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. माढा तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका गावात पुराची तयारी आधीच करून ठेवायची असं आम्ही ठरवलं. युक्ती साधी होती: नदीलगतच्या प्रत्येक घराला वरच्या गल्लीतलं एक जोडघर नेमून द्यायचं. भोंगा वाजला की खालच्यांनी थेट तिथं जायचं. नकाशावर जवळचं घर बघून आम्ही जोड्या लावल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

रंगीत तालमीला सगळी खालची गल्ली वर गेली. एकट्या राहणाऱ्या एक आजी मात्र दारातून हलेनात. त्यांचं जोडघर म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेचं घर, आणि शेताच्या बांधाच्या भांडणावरून दोघींचं बोलणं कधीचंच बंद. नकाशात भाऊबंदकी दिसत नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

"दुसरं घर देतो," मी म्हणालो.

"नगं. सख्खी जाव हितं असताना परक्याच्या दारात बसू व्हय? लोक तिला नावं ठेवतील की. पन आवतन आल्याबिगर तिचा उंबरा मी वलांडनार न्हाय."

मला राग आला. पूर काय आवतन देऊन येतो का, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. धाकटीकडे गेलो, तर ती म्हणाली, "थोरल्या हायती त्या. मी बोलवावं आन त्यांनी न्हाय म्हनावं, मग?"

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. दुपारी भोंगा वाजला. मी पोचलो तेव्हा खालची गल्ली रिकामी होती, आजी तेवढ्या ओट्यावर बसलेल्या. पाणी पायरीला लागलं होतं. मी हात जोडले, ओरडलो, रडकुंडीला आलो. उचलून न्यावं, तर त्यांनी खांबाला मिठी मारलेली.

तेवढ्यात धाकटी पाण्यातून चालत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पण डोक्यावरून पदर नीट घेतलेला, लग्नाचं बोलावणं करायला निघाल्यासारखा. ओट्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "आक्का, आज आमच्याकडं जेवाया या."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. "काय केलंस?"

"पिठलं-भाकरी."

"चल."

वरच्या घरात धाकटीनं ताट वाढलं. पहिला घास घेऊन आजी म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

"तुमीच शिकवलंय की," असं म्हणून धाकटी हसली आणि डोळ्यांना पदर लावला. कोपऱ्यात बसून मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

मग शेजारच्या माणसानं मला दारात बोलावून हळूच सांगितलं, आजींच्या घराची मागची भिंत बसली, छप्पर पाण्यात गेलं. मी आत वळलो. माझ्या चेहऱ्यावरून धाकटीला सगळं कळलं. तिनं मानेनंच मला थांबवलं आणि थोरलीच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

"सावकाश जेवा आक्का," ती म्हणाली. "हितंच ऱ्हायचंय."