हाताने घातलेली ओळ

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम बिल्ड होण्याआधी, म्हणजे कोडपासून तयार होण्याआधी, एक स्क्रिप्ट मशीन तपासायची आणि काय चालू, काय बंद याची एक हेडर फाइल आपोआप तयार करायची. फाइलच्या डोक्यावरच लिहिलेलं असायचं: ही हाताने बदलू नका. मी बदलली. डेटा कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची लायब्ररी स्क्रिप्टला सापडत नव्हती, मला घाई होती, आणि सूचना दुसऱ्यांसाठी असतात हे मी पुण्यातूनच शिकून आले होते. एन्क्रिप्शन चालू आहे असं सांगणारी डिफाइनची एक ओळ ठोकून दिली. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग टीममधल्या नागपूरच्या काकांनी जुना पसारा साफ करून पुन्हा बिल्ड केलं. फाइल नव्याने तयार झाली, माझी ओळ गेली. एकही एरर आली नाही. डेटा मात्र उघडाच जाऊ लागला आणि ते क्लायंटने पकडलं. पन्नाशी उलटलेले काका कॉन्ट्रॅक्टवर होते. त्यांच्या रिन्यूअलचा निर्णय शुक्रवारी व्हायचा होता. साल २००२, मंदीचं. दर आठवड्याला कुणाची तरी खुर्ची रिकामी व्हायची.

"तुम्ही नेमकं काय बदललंत?" मंगळवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं.

"काहीच नाही. फक्त क्लीन करून बिल्ड केलं," काका म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. पण माझा व्हिसाही याच नोकरीवर होता. मी मूग गिळून बसले.

त्यानंतर काका दिवसभर वहीत आपण दिलेली एकेक कमांड आठवून लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. चोराच्या मनात चांदणं! ते पाणी प्यायला उठले तरी मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचे.

गुरुवारी दुपारी शेजारच्या क्युबिकलमधला म्हणाला, "यार, काकांचं काही खरं नाही. उद्या कॅन्सल करणार."

मला स्वतःची किळस आली. उठले, थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करतो," तो थंडपणे म्हणाला. "तुझ्याबद्दल सोमवारी बोलू."

तिथून काकांच्या टेबलापाशी गेले. "काका, चूक माझी आहे. ती ओळ मी हाताने घातली होती. तुम्ही क्लीन केल्यावर ती पुसली गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"कालच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली मी, मेमरी टेस्टसाठी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे बेटा, मी काही विसरलो नव्हतो ना?"