सिस्टरांचा शनिवार

शाळेत टीव्ही आला तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. ग्रामपंचायतीने दिलेला तो टीव्ही नेमका माझ्या पहिलीच्या वर्गात भिंतीवर बसवला, आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांना अर्धा तास पेनड्राइव्हवरची एक शैक्षणिक मालिका दाखवायची असं ठरलं. विषय होता देशोदेशीची मुलं आणि त्यांचे सण. माझ्या पोरांना अजून जोडाक्षरं येत नव्हती, आणि मी म्हणे त्यांना जगाचे सण दाखवायचे. मी रिमोट दाबायचे आणि मागे वह्या तपासत बसायचे.

दिवाळीच्या सुटीनंतर ज्यू लोकांचा भाग लागला. चित्रातली आई शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दोन दिवे लावते आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना करते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, घरात स्वयंपाक नाही, कुणाला काम नाही. एका पोराने विचारलं, "बाई, हे लोकं कुठं राह्यतात?" मी वहीतून मान वर न करता सांगितलं, लांब, परदेशात. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक चिमुरडी उभी राहिली.

"नाही बाई. सिस्टर आजी असंच करते."

मी तिला खाली बसवलं. सिस्टर ख्रिश्चन आहेत, हे ठासून सांगितलं. ती बसली, पण ओठ काढून.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स, त्या चिमुरडीच्या शेजारच्या. उंद्रीच्या पलीकडच्या आमच्या लहानशा गावात चाळीसेक वर्षांपूर्वी बदलून आल्या आणि इथल्याच झाल्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची; माझ्या आईचंही. त्यांचं आडनाव ओळखीचं वाटेना, घरात देवघर नाही, म्हणून गावाने त्यांना परस्पर ख्रिश्चन ठरवून टाकलं. पंचवीस डिसेंबरला माणसं त्यांच्या दारात 'मेरी ख्रिसमस' म्हणायला जायची, आणि सिस्टर दरवर्षी सगळ्यांच्या हातावर करंज्या ठेवायच्या. त्या शनिवारी चूल पेटवत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ गावाने असा लावला की बाई ख्रिश्चन असून मारुतीचा शनिवार धरते. काय कौतुक होतं त्याचं! माझी आई तर मला त्यांचा दाखला देऊन उपास करायला लावायची. शनिवारी कुणी अडली तर मात्र सिस्टर लगेच उठून जायच्या. माझा जन्म शनिवारचाच.

आता त्यांचे गुडघे गेले होते. महिनाभरात भाचा त्यांना कायमचं ठाण्याला नेणार होता आणि गावात निरोपाचा कार्यक्रम ठरत होता.

सोमवारी सकाळी सिस्टर काठी टेकत माझ्या वर्गात आल्या. दुसऱ्या हाताला ती चिमुरडी. माझ्यावर विश्वास न ठेवता ती पोर थेट त्यांनाच विचारून आली होती, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. सिस्टर माझ्या खुर्चीत बसल्या आणि तो भाग लाव म्हणाल्या. बर्फ, गोरी पोरं, वेणीसारखा गुंफलेला पाव, सगळं त्यांनी गालात हसत पाहिलं. मी खजील होऊन विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"आली तवा सांगतलं होतं दोघातिघांले. त्याईले समजलं नाही, अन् मंग कोणी इचारलंच नाही," सिस्टर म्हणाल्या. "ख्रिसमसले लोकं मायेनं येत. त्याईले दारातून कसं परत पाठवू? पण जाच्या आधी एकानं तरी मले ओळखावं, असं लई वाटे. या पोरीनं ओळखलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या हातात मी पहिल्यांदा रडले, तिला मी जन्मभर दुसऱ्याच्या सणाच्या शुभेच्छा देत आले होते, आणि वर एका पोरीला खोटं पाडलं होतं.

टीव्हीतलं खरं आहे, पण आमचं थोडं वेगळं असतं, असं त्यांनी मुलांना सांगितलं. त्या मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले ज्यू. घरची भाषा मराठीच. प्रवासाला निघताना, काही चांगलं घडल्यावर त्यांच्यात एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या एका प्रेषिताच्या, नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात. गुरुवारी त्या पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि फळं घेऊन आल्या. वर्गात परात मांडली. पोहे भिजवताना म्हणाल्या की या गावात त्यांनी मलिदा कधीच केला नाही. त्याच्या प्रार्थनेला आपल्या धर्माची दहा मोठी माणसं लागतात, आणि इथे त्या एकट्याच होत्या.

चिमुरडी उठली. एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजत निघाली, आणि दहाला थांबली नाही.

"आजी, धाच्या लई वर झाले. बाईले धरून चोवीस."

रीत काय सांगते ते सिस्टरांना चांगलं माहीत होतं. तरी त्या "हाव, पुरले" म्हणाल्या आणि डोळ्यांवर हात धरला. प्रार्थना करत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही. मी मात्र रडले.

ती पोर आता पाचवीत आहे. दरवर्षी तो भाग लागायचा असला की मी घरून पोहे नेते आणि वह्या तपासायला बसत नाही. नव्या पोरांपैकी कुणीतरी विचारतंच, हे लोक कुठे राहतात. मी टीव्ही थांबवते, खिडकीतून सिस्टरांचं कुलूप लावलेलं घर दाखवते आणि सांगते, "तिथं राह्यत होते. तुह्या बापाले सगळ्यात पह्यले त्याईनंच हातात घेतलं."