पत्रिका मी दाखवली नाही

माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बेसिनसमोर उभा राहून दाढी करत होता. दहा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणला. उजवा हात लुळा पडला होता, बोलणं गेलं होतं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘चलो’. तहान लागली तरी चलो, चिडला तरी चलो.

आमचं घर दोन धर्मांचं. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, तो पुण्याचा हिंदू. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्लीत. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंचा छोटा देव्हारा हॉलमध्ये होता आणि मी सकाळी ओट्यापाशीच डोळे मिटून प्रार्थना करायची. इतकी वर्षं कुणाचं कुणावाचून अडलं नव्हतं.

मग पुण्याहून नणंद आली ती त्याची पत्रिका घेऊनच. गाझियाबादला कुणी चांगले ज्योतिषी आहेत, त्यांना दाखवू, ते सांगतील ती शांत करू, असं तिचं म्हणणं. भावावर तिचा जीव होता, हे मला कळत होतं. पण बोलता बोलता ती म्हणाली, “तुझा देव तर दिसतही नाही. कुणाच्या भरवशावर बसली आहेस तू?”

“त्याच्याच,” मी म्हटलं. “पत्रिका परत बॅगेत ठेवा, ताई.”

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमधले दोघे आले. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि त्यातले वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले की घरात एखादं पाप लपलेलं असेल तर ते शोधायला हवं. शेवटी लग्न तुम्ही धर्माबाहेर केलंत. नवरा समोरच बसला होता. त्याला ऐकू येत होतं. मी उठून दार उघडलं आणि म्हटलं, माझं लग्न पाप नाही, आणि आता याच्या व्यायामाची वेळ झाली आहे. त्यानंतर कित्येक महिने मी चर्चला गेले नाही. प्रार्थना मात्र सोडली नाही. गोड नसायची ती. तू दिसत नाहीस, ठीक आहे, उत्तरही देत नाहीस, पण मी इथून हलणार नाही, असं मी दात ओठ खाऊन सांगायची.

तीन महिने काहीही घडलं नाही. स्पीच थेरपिस्ट चित्रं दाखवायची, तो चलो म्हणायचा आणि मान फिरवायचा.

एका दुपारी सासूबाई त्याच्या शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. लहानपणी त्याला असंच शेजारी बसवून त्या पाढे घोकवून घ्यायच्या. सहज म्हणून त्यांनी सुरू केलं, बे एके बे, बे दुणे चार. मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. “बे त्रिक...” म्हणून त्या थांबल्या, आणि हॉलमधून त्याचा आवाज आला, “सहा.”

मी धावत गेले तेव्हा सासूबाईंच्या मांडीवरचे मटार जमिनीवर सांडले होते आणि त्या पाढा पुढे म्हणत होत्या. तो बे दाहे वीसपर्यंत त्यांच्याबरोबर गेला. थेरपिस्ट म्हणाली, पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं टिकतं, आता याच वाटेनं जाऊ. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाढे, वारांची नावं, महिने, आणि त्यातून हळूहळू एकेक कामाचा शब्द.

नणंद फोनवर म्हणाली, ग्रहदशा पालटली. चर्चच्या गृहस्थांनी चमत्कार झाल्याचा निरोप धाडला. मी दोघांनाही होकार दिला नाही. सहा म्हणाला त्या दुपारी देव होता, तर आधीच्या त्या तीन मुक्या महिन्यांतही होता. पहिली गोष्ट मानून दुसरी मी सोडणार नाही.

आता तो वाक्यं बोलतो, तुटक, शब्द शोधत. हात सुधारला नाही. डाव्या हातानं सही शिकला आणि ऑफिसात फोन नसलेल्या टेबलावर बसतो. परवा शेजारणीनं विचारलं, “इतना सब हुआ, फिर भी मानती हो?”

मी म्हटलं, मानते. तो पूर्ण बरा झाला असता तरच मानलं असतं, असा सौदा मी केलाच नव्हता.