मोऱ्याची चाचणी

बिल्कीस मुकादम पनवेलच्या मोहल्ल्यात वाढली आणि खांदा कॉलनीतल्या एका छोट्या कंपनीत डिझाइनची प्रमुख झाली. प्रमुख म्हणजे हाताखाली एकच माणूस, जवळच्या नेरे गावचा अवधूत. मोबाइलवरचं ॲप लोकांना कुणाला न विचारता वापरता यावं, हे बघणं त्यांचं काम. अवधूतला यातलं काहीच येत नव्हतं, तेव्हा तिने त्याला घेतलं आणि तीन वर्षं शेजारी बसवून शिकवलं. एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगे, "समोरचा माणूस ॲप वापरत असताना आपण मुकं बसायचं. तो अडला की चूक आपली. तू बोट दाखवलंस की ती झाकली जाते."

२०१५ साली कंपनीने मासळीचं ॲप काढायला घेतलं. उरणजवळच्या मोरा बंदरातल्या कोळणींनी फोनवर ताज्या मासळीचा फोटो टाकायचा आणि पनवेलच्या हॉटेलवाल्यांनी तिथूनच मागवायची. पहिल्या चाचणीत दहा जणींपैकी तिघींनाच जमलं. मालक जगनशेठ पूर्वी रेती-सिमेंटच्या धंद्यातले. त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, आठ जनींना जमलं तर तुला आनखी तीन मानसं देतो. नाय तर तुमी दोगंच बरी."

बिल्कीसला ती माणसं हवीच होती. दोघांनी महिनाभर खपून सगळं पुन्हा आखलं; एकेक स्क्रीन अवधूतने आधी कागदावर हाताने रेखाटली. नेमकं चाचणीच्या आठवड्यात तिच्या अब्बांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

"या वेळी तू एकटा जा," ती अवधूतला म्हणाली. "कधी तरी एकट्याने चाचणी घ्यायचीच आहे तुला."

नऊ जणींना जमलं! जगनशेठनी पेढे वाटले आणि तिघांना नेमलं. त्यातल्या समृद्धीने वाशीची नोकरी सोडली, ती बिल्कीसच्या शब्दावर.

अब्बा घरी आल्यावर बिल्कीस बायकांचे आभार मानायला मोऱ्याला गेली. मैना कोळीण धक्क्यावर पापलेटं निवडत बसली होती.

"काय मैनाताई, जमतंय ना आता?"

"त्या दिवशी जमलं. आता इसरले," मैना हसत म्हणाली. "तुमचा तो अवधूत आदल्या दिवशी आलता ना. दोन तास गिरवून घेतलं आमच्याकडून. आदी हिरवं दाबा, मंग फोटू, मंग परत हिरवं. म्हनला, मॅडमला सांगू नका."

बिल्कीसने आणखी चौघींना विचारलं. चौघींनी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने अवधूतला गाठलं. त्याने मान खाली घातली नाही.

"तीन माणसं तुम्हालाच हवी होती ना, मॅडम? मिळाली की! मी हरून आलो असतो तर नाव तुमचंच गेलं असतं."

ती तशीच जगनशेठकडे गेली, झालं ते सांगितलं आणि चाचणी रद्द धरा म्हणाली. शेठनी अवधूतला बोलावलं.

"मॅडमनीच सांगितलं होतं, शेठ," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "काही कर, पण आठ जणींना जमलंच पाहिजे, म्हणाल्या."

तो इतक्या शांतपणे बोलला, की आपणच घाईगडबडीत तसं काही बोललो होतो का, असं क्षणभर बिल्कीसलाही वाटून गेलं.

"कोन खरा, कोन खोटा, मना काय करायचंय?" शेठ म्हणाले. "त्या तिगांना सांग, उद्यापासून येऊ नका."

ते बिल्कीसलाच सांगावं लागलं. समृद्धी पिशवी भरता भरता म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं, मॅडम."

बायका धक्क्यावर पुन्हा अडल्या असत्या, हे उत्तर खरं होतं. पण त्याने समृद्धीची नोकरी परत येणार नव्हती. बिल्कीसने तिघांनाही शिफारशीची पत्रं लिहून दिली.

दोन महिन्यांनी अवधूतला मुंबईत काम मिळण्याचा योग आला. तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, मलाही एक पत्र द्याल? तीन वर्षं तुमच्याच हाताखाली काढली."

तिने कागद ओढला, एक ओळ लिहिली, खाली सही केली. त्याने वाचलं. 'अवधूत हाताने उत्तम रेखाटतो.'

"एवढंच, मॅडम?"

"ज्याची खात्री देता येईल, असं मी पाहिलेलं एवढंच आहे," बिल्कीस म्हणाली आणि कामाला लागली.