आधी वाटणी, मग जोडणी

"आधी वाटणी, मग जोडणी." डॉक्टर हे दिवसातून दहा वेळा म्हणायचे आणि म्हणताना दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब न्यायचे, मधे मेंढ्या उभ्या असल्यासारखे. एकदा वैतागून मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घाटनांदुरात भावाभावांत वाटणी झाली की पुन्हा जोडणी होत नसते." माणूस इतका हसला की हातातला चहा सदऱ्यावर सांडला.

डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ते जनावरांचा जीनोम, म्हणजे आईबापाकडून रक्तातून येणारा सगळा मजकूर, वाचायचं काम करायचे. जन्म मात्र सिरसाळ्याकडचा, धनगराच्या घरातला. मी तेव्हा मेंढपाळांच्या सहकारी संस्थेचा सचिव होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. छावणीत गाईबैलांना चारा मिळायचा, मेंढ्यांना कोणी विचारत नव्हतं, आणि अर्ज लिहून लिहून माझी बोटं दुखायची. अशात हे गृहस्थ बर्फाचा डबा घेऊन परळीच्या स्टेशनावर उतरले. म्हणाले, "एवढ्या उन्हात आपली काळी मेंढी जगती कशी, ते तिच्या रक्तात वाचायचंय." मनात म्हटलं, इथं पाल्याची मारामार आणि ह्यांना वाचन सुचतंय!

पण समजावून सांगायची त्यांची हातोटी अशी की माझ्यासारख्या मॅट्रिक माणसालाही कळावं. "यंत्र सगळं एका दमात वाचत न्हाई. तुकडे हाती येतात. टोकाला टोक जुळवून ते जोडायचे. पर प्रत्येक जिवात दोन पाठ असतात, एक आईचा, एक बापाचा. लई सारखे. एकाचा तुकडा दुसऱ्यात शिरला की जोडलेलं सगळं वाया."

ह्यावर त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले की धनगर आधी ते वेगळे करतो. तसं आईबापाचं रक्त आधी वाचायचं, त्यावरून कोकराच्या तुकड्यांचे दोन ढीग करायचे, मग एकेक ढीग जोडायचा. तीन वर्षं ते ह्याच्यामागे होते. वरिष्ठांनी सांगितलं होतं, एका कोकरावर करून दाखवा, नाहीतर हे काम बंद.

कोकरू सोनाबाईच्या कळपातलं निवडलं. सोनाबाई आमच्या संस्थेची सगळ्यात जुनी सभासद, तोंडाची फटकळ. मी फॉर्म घेऊन विचारलं, "ह्याची आई कोणती?" तिनं एका मेंढीच्या पाठीवर थाप मारली. कोकरू तिच्याच कासेला लागलेलं होतं. मी तिच्या कानातला नंबर लिहून घेतला. कळपात मेंढा एकच, म्हणजे बाप ठरलेला. तिघांचं रक्त बर्फात गेलं.

महिन्याभरानं फोन आला. बापाचा ढीग चांगला भरला होता, आईच्या ढिगात काही पडतच नव्हतं. "सचिवसाहेब, मेंढी तीच ना?" मी पुन्हा सोनाबाईकडे गेलो, तीच मेंढी, पुन्हा रक्त पाठवलं. पुन्हा तेच. मी भीत भीत म्हटलं, "सोनाबाईची काही गफलत..." तर डॉक्टर माझ्यावरच तडकले. "धनगर कोकराची आई ओळखायला चुकत नसतो! माझ्या रीतीतच खोट हाय."

पुढं सहा महिने ते स्वतःचंच काम उसवत बसले. मग एक दिवस स्वतः आले, काम बंद होणार हे सोनाबाईला तोंडानं सांगायला. गालफडं बसलेली.

आम्ही पोचलो तेव्हा सोनाबाई एका मेंढीला गुडघ्यात धरून बसली होती. तिचंच दूध काढून ती एका परक्या कोकराच्या पाठीला चोळत होती. मेंढीनं आपल्याच दुधाचा वास घेतला, कोकराला चाटलं आणि कासेला लावून घेतलं. डॉक्टर जागच्या जागी थांबले.

"मावशे, हे कावून?"

"कावून म्हंजी? याची आई आटली. चारा न्हाई तर दूध कुठून येणार? कुणीतरी पाजायलाच पायजे की!"

"अन् माझ्या कोकराची आई?"

"तिलाबी असंच लावून दिलं व्हतं. आता तीच त्याची आई."

"जन्माची कोणती?"

"ती काय, तुटक्या कानाची. आधी इचारायचं न्हाई व्हय!"

डॉक्टर तिथंच मातीत बसले. आधी हसले, मग डोळे पुसायला लागले. "माझी आई हेच करायची, सचिवसाहेब. मी बघितलंय. अन् विसरलो." मी फॉर्मकडे बघत राहिलो. नंबर माझ्याच अक्षरात होता. सहा महिने ह्या माणसाची झोप मी उडवली होती, हे आजही मला टोचतं.

तुटक्या कानाचीचं रक्त गेलं आणि दोन्ही ढीग भरले. फोनवर डॉक्टर नुसते "जुळलं, जुळलं" म्हणत होते. आज लांबलांबचे लोक त्यांच्या रीतीनं जीनोम जोडतात म्हणे. मला त्यातलं कळत नाही, पण अभिमान वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. हृदयानं दगा दिला. चार आठवड्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन आला, मराठी मोडकंतोडकं. सरांचं सामान आवरताना शीतपेटीत रक्ताची एक नळी सापडली होती. कुठल्या यादीत नाही, कामाची नाही, वर सरांच्या हातची मराठी चिठ्ठी. ती एकेक अक्षर लावत वाचत गेली, "हिच्या... दुधावर... जगलं." आणि विचारलं, "टाकून देऊ का, काका?"

मी चुकून जिचा नंबर लिहिला होता, त्या मेंढीचं रक्त होतं ते.

"नको पोरी," मी म्हटलं. "राहू दे."